बोटांच्या दोऱ्या
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण हाताविषयी बोलणार आहोत. आपल्यापैकी बहुतेकांचे पोट हातावर आहे. बैल लंगडला की आपण लगेच खूर बघतो. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज बदलला की आपले कान टवकारतात. पण बोट का वाकत नाही, असे कुणी विचारले तर आपण म्हणतो, "काय की बुवा, आखडलं असेल." हे बरे नव्हे.

आधी एक गंमत करू. उजव्या हाताने डावा हात कोपराच्या जरा खाली धरा. धरला? आता डाव्या हाताची मूठ मिटा, उघडा. पुन्हा मिटा, पुन्हा उघडा. हाताखाली काहीतरी फुगते आणि सैल पडते, लागते ना? मूठ तिकडे मिटते आणि हालचाल इकडे, कोपराजवळ होते. याचे कारण असे की बोटे ओढणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मध्ये असतात. तळहातात काही बारीक स्नायू आहेत, त्यांचे काम पुढे सांगू. पण खुद्द बोटात ओढणारे मांस नाही. तिथे हाडे आहेत, सांधे आहेत, रक्ताच्या शिरा आहेत आणि दोऱ्या आहेत.

या दोरीला डॉक्टरी पुस्तकात कंडरा म्हणतात. आपण तिला शीर म्हणतो, नस म्हणतो. रक्त वाहते तीही शीर आणि बोट ओढते तीही शीर, असा आपला घोटाळा होतो. म्हणून आज आम्ही तिला दोरीच म्हणू. ती पांढरी, चकचकीत आणि चिवट असते. कोंबडीचा तोडलेला पाय पोरांनी खेळायला घेतलेला तुम्ही पाहिला असेल. त्यातली पांढरी दोरी ओढली की नख्या मिटतात. आपल्या बोटाचा कारभारही तसाच आहे.

ज्या म्हाताऱ्या माणसांनी मोट हाकली आहे त्यांना हे लवकर कळेल. मोटेला दोन दोर असत, एक जाड नाडा आणि एक बारीक सोंदूर. बैल लांब धावेवर चालायचे आणि मोट इकडे विहिरीत हलायची. बोटाचे तेच आहे. तळहाताच्या बाजूने प्रत्येक बोटात दोन दोऱ्या जातात. एक वरची, ती मधल्या पेरापर्यंत जाते. दुसरी खालची, ती शेवटच्या पेरापर्यंत जाते. आता खालची दोरी वरचीच्या पुढे कशी जाते? वरची दोरी शेवटाला फाटून दोन होते, झाडाच्या बेचक्यासारखी, आणि खालची त्या बेचक्यातून पुढे निघून जाते. अंगठ्याला अशी एकच लांब दोरी आहे. चार बोटांच्या आठ आणि अंगठ्याची एक, अशा नऊ दोऱ्या मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून तळहातात येतात.

हे खरे की खोटे, तुम्हीच तपासा. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचे मधले पेर उजव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरा. आता फक्त शेंडा वाकवा. वाकला? ते काम खालच्या दोरीचे. आता डावा हात मांडीवर उताणा ठेवा. मधले बोट सोडून बाकीची तीन बोटे उजव्या हाताने सरळ दाबून धरा आणि मोकळे राहिलेले बोट मिटा. ते मधल्या सांध्यात वाकेल आणि शेंडा लुळा राहील. ते काम वरच्या दोरीचे. करंगळी काही लोकांची अशी एकटी वाकत नाही. घाबरू नका, ती कित्येकांची जन्मापासून तशीच असते.

दोरी हाडाला चिकटून राहावी म्हणून बोटात जागोजाग कड्या आहेत. सायकलच्या ब्रेकची तार जशी नळीतून जाते, तशी ही दोरी नळीतून आणि कड्यांतून जाते. हाताच्या पाठीवर उलट्या दोऱ्या आहेत, त्या बोट सरळ करतात. मूठ उघडताना हाताच्या पाठीवर ज्या रेघा उठतात त्याच त्या.

आता मुद्द्यावर येऊ. सोयाबीनची कापणी आली की आपल्या हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडे विळा सारखा चालतो. ऊसतोडीला गेलेल्यांच्या हाती कोयता असतो. विळा कुठे लागतो? डाव्या हातात ताटे धरलेली असतात, त्या हाताच्या बोटांवर आतल्या बाजूने. जखम अर्ध्या बोटाचीही नसते. रक्त थांबते. माणूस म्हणतो, "काय होतंय त्याला," आणि फडके बांधून कामाला लागतो.

आमच्या शेजारच्या गावच्या एका तरुण गड्याचे असेच झाले. अनामिकेवर विळा लागला. जवळच दोन टाके घालून घेतले. आठ-दहा दिवसांत जखम अशी भरली की व्रण शोधावा लागे. पण बोट मिटेना. घरच्यांनी तेल चोळले. कुणी म्हणाले, सुजेमुळे होतंय. दोन महिन्यांनी तो शहरातल्या डॉक्टरांकडे गेला. ते म्हणाले, "कातडी जुळली, आतल्या दोन्ही दोऱ्या तुटलेल्याच राहिल्या." मूठ वळली की ते बोट काठीसारखे बाहेर राहते. खोरे धरले की आडवे येते, गोणी उचलताना अडकते. पोराचे वय बावीस.

असे का झाले ते समजून घ्या. मोटेचा नाडा तुटला तर बैलांकडचा तुकडा बैलांबरोबर पुढे जातो आणि मोट विहिरीत पडते. दोन टोके एका जागी राहत नाहीत. बोटाची दोरी तुटली की कोपराकडचे टोक स्नायू ओढून घेतो, कधी पार तळहातापर्यंत. वरून कातडी शिवली तरी आत दोन टोकांत अंतर राहते. ते आपोआप जुळत नाही. दिवस गेले की स्नायू आखडतो आणि नळी आतून चिकटते. पहिल्या काही दिवसांत एका शस्त्रक्रियेत जे काम होते, त्यालाच पुढे दोन शस्त्रक्रिया लागू शकतात, आणि शरीराच्या दुसऱ्या भागातून दोरी आणून घालावी लागते.

म्हणून बोट कापले तर जखमेची लांबी बघत बसू नका. रक्त थांबले की हात उताणा, सैल ठेवून बघा. निवांत पडलेल्या हाताची बोटे थोडी वाकलेली असतात, आणि तर्जनीपेक्षा करंगळी जास्त वाकलेली असते. त्यात एखादेच बोट सरळ पडले असेल तर दोरी तुटली असे धरून चाला. मग मघाच्या दोन परीक्षा हलक्या हाताने करा, जोर लावू नका. दोरी अर्धी तुटलेली असली तर जोराने पुरी तुटेल. बोटाच्या शेंड्याला दोन्ही कडांनी हळूच शिवून बघा. एका कडेला कळत नसेल तर खबर नेणारी नस तुटली. ती बोटाच्या दोन्ही अंगांनी, दोरीच्या शेजारूनच जाते. यातले काहीही आढळले तर डॉक्टरांना सांगा, "साहेब, बोट वाकत नाही, दोरी तुटली का ते बघा." असे विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

तिथे जाईपर्यंत काय करावे? स्वच्छ पाण्याने जखम धुवा. स्वच्छ फडके दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा. बोटात अंगठी असेल तर आधी ती काढा, सूज आल्यावर ती निघत नाही. आणि हळद भरू नका. हे आम्ही हळदीच्या मुलखात उभे राहून सांगतो आहोत, वसमतच्या मंडळींनी राग मानू नये. हळद भाजीत घाला, बाजारात विका, अंगाला लावा. पण जखमेत ती भरली की आतली दोरी डॉक्टरांना दिसत नाही, आणि ती धुऊन काढताना रोग्याचा जीव जातो. तंबाखू, चुना, माती, डिझेल यांचेही तेच. धनुर्वाताचे इंजेक्शन मात्र विसरू नका.

एक काळ असा होता की बोटाच्या मुळाशी दोरी तुटली तर मोठे सर्जनसुद्धा ती लगेच जोडायला भीत. दोन्ही दोऱ्या तिथे एकाच अरुंद नळीत असतात, जोडलेली दोरी आत चिकटून बसे. अमेरिकेचे डॉ. स्टर्लिंग बनेल यांनी त्या जागेला 'कुणाचीच नसलेली जमीन' असे नाव दिले होते. पुढे १९६७ साली अमेरिकेतल्याच लुइव्हिल शहरचे डॉ. हॅरल्ड क्लाइनर्ट यांनी दाखवून दिले की नीट जोडली आणि लगेच बेताने हलवत ठेवली तर तिथलीही दोरी चालते. आज सगळीकडे तीच रीत आहे.

बेताने हलवणे, हे शब्द ध्यानात ठेवा. जोडलेली दोरी नुसती बांधून ठेवली तर चिकटते, आणि जोराने वापरली तर तुटते. म्हणून सुमारे सहा आठवडे हाताला आधाराची पट्टी असते आणि डॉक्टर सांगतील तेवढीच हालचाल रोज करायची असते. पूर्ण जोराचे काम सुमारे तीन महिन्यांनी. यावर लोक म्हणतात, "गुरुजी, तीन महिने खायचं काय?" प्रश्न खरा आहे. मजुराला घरी बसणे परवडत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण पट्टी सोडून पंधराव्या दिवशी खुरपे धरलेले हात आम्ही पाहिले आहेत, आणि पुन्हा तुटलेली दोरी जोडणे पहिल्यापेक्षा फार कठीण असते. तेवढे दिवस भावकीने, शेजाऱ्यांनी सावडीने काम उचलावे. पेरणीला आपण एकमेकांचे बैल जोडतोच की.

दोरीचे आणखी एक नवल सांगतो. कुष्ठरोगात नसा बाधतात, तळहातातले ते बारीक स्नायू लुळे पडतात आणि बोटे नख्यांसारखी आखडतात. डॉ. पॉल ब्रँड हे जातीचे इंग्रज, जन्म १९१४ चा, तोही आपल्या देशात, तामिळनाडूतल्या डोंगरात. डॉक्टर होण्याआधी ते सुतारकाम, गवंडीकाम शिकले होते. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्यांनी पाहिले की आखडलेल्या हातातही कोपराखालचे मोठे स्नायू ठणठणीत असतात. मग त्यांनी चांगल्या स्नायूची दोरी वळवून लुळ्या स्नायूच्या कामाला जोडली. बोट मिटायला दोन दोऱ्या असतात हे मघाशी पाहिले, त्यातली एकही अशी उसनी घेता येते. या शस्त्रक्रियांनी कितीतरी लोकांची बोटे पुन्हा उघडली, आणि हाती आलेल्या कामासाठी तिथेच त्यांना सुतारकी शिकवली गेली. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनीही कुष्ठरोग्यांसाठी अशा शस्त्रक्रिया केल्या.

कापल्याशिवायही दोरी तुटते. चेंडू किंवा भरलेले पोते बोटाच्या शेंड्यावर आदळले की पाठीकडची बारीक दोरी तुटते आणि शेवटचे पेर खाली लोंबते. याला बहुधा कापाकापी लागत नाही. ते पेर पट्टीने सहा ते आठ आठवडे रात्रंदिवस सरळ ठेवायचे. मध्ये एकदाही वाकले तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. काहींचे बोट मिटते आणि उघडताना अडकून 'कट्' करून सुटते. दोरीला गाठीसारखी सूज येऊन ती कडीत अडकते. मधुमेह असलेल्यांना हे जास्त होते. त्यावर सोपा इलाज आहे, दाखवून घ्या.

काट्याचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. बाभळीचा काटा किंवा पऱ्हाटीचे टोक बोटात खोल गेले आणि पू दोरीच्या नळीत शिरला, तर सगळे बोट फुगते, अर्धे वाकून राहते, दोरीच्या रेघेत दुखते, आणि कुणी सरळ करू पाहिले तर माणूस ओरडतो. या चार खुणा दिसल्या की रात्र असली तरी निघा. पोटीस बांधून सकाळची वाट बघाल तर आत दोरी सडते.

शेवटी मळणी यंत्राचे. आपण त्याला हडंबा म्हणतो. १९८३ साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांचा कायदा केला, तो अशाच तुटलेल्या हातांमुळे. पीक आत सोडायची परात एवढी लांब आणि वरून झाकलेली हवी की हात पुरा लांबवला तरी ढोलापर्यंत पोचू नये. ती आखूड असेल तर त्या हडंब्यावर उभे राहू नका, मालक कितीही घाई करो. गळ्यातला रुमाल, लोंबता पदर, सैल बाही नको. ताटे अडकली तर आधी यंत्र बंद, मग हात.

आणि बोट तुटून पडलेच तर ते फेकू नका. जपानमध्ये १९६५ साली कोमात्सु आणि तामाई या डॉक्टरांनी पूर्ण तुटलेला अंगठा पुन्हा जोडला, तेव्हापासून हे होऊ लागले आहे. चेंदामेंदा झालेले बोट बहुधा जोडता येत नाही, पण ते ठरवणे डॉक्टरांवर सोडा. तुटलेले बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात ठेवू नका, ते खराब होते. १०८ ला फोन करा. जिल्ह्याच्या दवाखान्यातून नांदेडला किंवा आणखी पुढे पाठवले तर त्याच पावली निघा. थंड ठेवलेले बोट काही तास टिकते, दिवसेंदिवस नाही. म्हणून एका चिठ्ठीवर माणसाचे नाव आणि बोट तुटल्याची वेळ लिहून ती पिशवीला बांधा. डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतात, आणि ती चिठ्ठी लिहायला आता तुम्हांला मास्तर शोधावा लागणार नाही.