मुलाखतीला सामोरे जाताना



संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत अंतिम निवडीच्या २०२५ गुणांपैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीचे असतात. लेखी परीक्षेत ज्ञानाचा कस लागलेला असतो. येथे पाहिली जाते ती विचारांची स्पष्टता, समतोल निर्णयशक्ती आणि सचोटी. म्हणूनच पाठ केलेले उत्तर पहिल्या उपप्रश्नालाच कोलमडते.

तयारीचा आरंभ स्वतः भरलेल्या अर्जापासून करावा. त्यातील प्रत्येक नोंद हा एक संभाव्य प्रश्न होय. सोलापूर जिल्ह्यातील उमेदवाराला भीमेवरील उजनी धरणाविषयी, उसाला लागणाऱ्या पाण्याविषयी विचारले जाणे स्वाभाविक आहे. "ऊस कमी करावा काय?" या प्रश्नाला नुसते होय वा नाही म्हणून भागत नाही. आधी आपले मत सांगावे, त्याचे कारण द्यावे. रास्त व किफायतशीर दरामुळे शेतकऱ्याला उसाचा आधार वाटतो, ही दुसरी बाजू मान्य करावी आणि ठिबक सिंचनासारखा व्यवहार्य मार्ग सुचवावा. हे सारे मोजक्या वाक्यांत मांडता आले पाहिजे.

माहिती नसेल तेथे तसे नम्रपणे सांगावे. अंदाजाने ठोकून दिलेले उत्तर अज्ञानापेक्षा महाग पडते.

मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्यास मुलाखतही मराठीतून देता येते. तेव्हा केवळ इंग्रजीच्या धास्तीने खेड्यापाड्यांतील मुलामुलींनी मागे राहण्याचे कारण नाही. चौघांनी एकत्र बसावे, एकमेकांना अडचणीचे प्रश्न विचारावेत, उणिवा मोकळेपणाने दाखवाव्यात. उद्या जनतेच्या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची आहेत. त्याचीच ही पूर्वतयारी समजावी.