वडिलांचा शब्द आणि मुलाचें मन



गीतेचे अठरा अध्याय संपत आले म्हणजे भगवान् अर्जुनाला एक अगदीं निराळी गोष्ट सांगतात. एवढा उपदेश केला, विश्वरूपही दाखविलें. आतां या सर्वांचा नीट विचार कर आणि तुला रुचेल तसें कर, असें त्यांचें म्हणणें आहे. पस्तीस वर्षें हातांत खडू घेऊन मुलांपुढें उभा राहिलेला मी मनुष्य. मला या गोष्टीचें जेवढें नवल वाटतें तेवढें विश्वरूपाचें वाटत नाहीं. ज्याला सर्व कळतें, ज्याच्या हातीं सर्व सत्ता आहे, त्यानें शेवटचा निर्णय शिष्यावर सोपवावा! आईबापांचें प्रेम मात्र येथवर सहसा येत नाहीं. तें उपदेशापर्यंत येतें, आणि तेथून एकदम आज्ञेकडे वळतें.

याचें एक उदाहरण आपल्या पुण्यांतच घडलें आहे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या घरांतील ती हकीकत आहे, आणि ती रमाबाई रानडे यांनीं 1910 सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या पुस्तकांत मोठ्या संयमानें सांगितली आहे.

1873 सालच्या ऑक्टोबरांत रानड्यांच्या प्रथम पत्नी सखूबाई क्षयानें वारल्या. रानडे त्या वेळीं पुण्यास न्यायखात्यांत होते. वयाचें बत्तिसावें वर्ष चालू होतें. विधवांच्या पुनर्विवाहाचा पुरस्कार करणाऱ्यांत त्यांचें नांव पुढें होतें, आणि 1869 सालीं मुंबईस झालेल्या पुनर्विवाहाला उघड पाठिंबा दिल्याबद्दल त्यांनीं बहिष्कारही सोसला होता. वडील गोविंदराव जुन्या वळणाचे, धर्मनिष्ठ गृहस्थ. कोल्हापूर संस्थानच्या नोकरींत त्यांचें आयुष्य गेलेलें. मुलगा आतां विधवेशीं लग्न करणार, ही धास्ती त्यांच्या मनानें घेतली, आणि सुतक फिटतें न फिटतें तोंच त्यांनीं मुलगी पाहावयास आरंभ केला.

गोविंदरावांना कठोर म्हणावयास माझी जीभ धजत नाहीं. मुलाचें घर ओस पडलेलें त्यांना पाहवत नव्हतें. शिवाय मुलगा जातीबाहेर गेला तर इहलोक आणि परलोक दोन्ही बुडाले, ही त्यांची खरीखुरी श्रद्धा होती. आपल्या मुलाला बुडतांना पाहून कांठावर उभें राहून विचारविनिमय करणारा बाप कोठें सांपडेल? त्यांच्या दृष्टीनें ते मुलाला हात देत होते. पण मुलगा बुडत नव्हता, पोहत होता. हें त्यांना दिसत नव्हतें, इतकेंच.

रानड्यांनीं विनवण्या केल्या. निदान कांहीं महिने तरी थांबा, म्हणाले. मुलीचे वडील, देवराष्ट्र्याचे कुर्लेकर, भेटीस आले तेव्हां त्यांनाही परावृत्त करण्याचा प्रयत्न केला: आपण सुधारक आहों, प्रकृति दिसते तशी धड नाहीं, विलायतेस जाण्याचाही विचार आहे. कशाचा उपयोग झाला नाहीं. शेवटीं वडिलांनीं निर्वाणीचें सांगितलें कीं, ऐकत नसाल तर मी करवीरास निघून जातों आणि आपला संबंध येथेंच संपला. त्याच वर्षाच्या अखेरीस अकरा वर्षांच्या यमुनेशीं रानड्यांचें लग्न झालें. तीच पुढें रमाबाई.

या लग्नावरून रानड्यांना त्यांच्या हयातींत आणि नंतरही पुष्कळ बोल लागले. मला त्यांतील एक गोष्ट फार खुपते. त्याच कुटुंबांत त्यांची धाकटी बहीण दुर्गा तरुणपणींच विधवा झालेली होती. तिच्या ओस आयुष्याची चिंता करून कोणी स्थळें पाहण्यास निघालें नव्हतें. त्याच पोटचीं दोन्ही लेंकरें, पण एकासाठीं एवढी धांवपळ आणि दुसरीसाठीं उसासा. रानड्यांना हें कळत नव्हतें असें नव्हे. ते प्रार्थनासमाजाचे, मनुष्याची सदसद्विवेकबुद्धि ही ईश्वराची देणगी आणि तिच्यासाठीं प्रत्येक जण थेट ईश्वराला जबाबदार, ही त्यांची निष्ठा. ती निष्ठा एकीकडे आणि पित्याचें दुखावलेलें मन दुसरीकडे, अशी ओढाताण होतांच त्यांनीं पित्याला कौल दिला. टीकाकार याला भित्रेपणा म्हणतात, भक्त पितृभक्ति म्हणतात. मला वाटतें, वडिलांच्या प्रेमानेंच त्यांचा हात धरला होता, आणि तो हात झटकणें हें तलवारीपुढें उभें राहण्याहून अवघड असतें. धमकी शत्रूची असती तर रानडे खचित नमले नसते.

याच्या उलट एक गोष्ट सांगतों. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं 1895 सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. कांहीं वर्षें त्या वेगळ्या राहिल्या, सोंवळें पाळीत राहिल्या. पुढें एकत्र आल्यावरही टिळकांनीं त्यांच्यावर आपला धर्म लादला नाहीं. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो 1900 सालीं, त्यांच्या स्वतःच्या मनानें. टिळकांचा निर्णय कोणास पटो वा न पटो, ही पांच वर्षें वाट पाहणें मला मोठें वाटतें. ज्याची आपल्या देवावर श्रद्धा आहे त्यालाच असें थांबतां येतें. आज मॅट्रिकच्या जागीं दहावी-बारावी आली. निकाल लागला कीं मुलाला कोणत्या शाखेस घालावयाचें याचा निर्णय घरोघर होतो, आणि त्या खोलींत मुलगा बहुधा नसतो. थांबणें तेथेंही कोणास सुचत नाहीं.

रानड्यांच्या घरीं आणखी एक जीव होता, ज्याला कोणीच विचारलें नव्हतें: ती अकरा वर्षांची मुलगी. तिला अक्षरओळखही नव्हती. लग्न लागून घरीं आल्यावर रानड्यांनीं तिला पाटीवर पहिलीं अक्षरें गिरवावयास लाविलें. पुढें घरांतील बायकांचे टोमणे सोसून ती मराठी शिकली, मग इंग्रजीही शिकली. रानडे 1901 सालीं गेले. त्यानंतर 1909 मध्यें पुणें सेवासदनाचें काम सुरू झालें, आणि रमाबाई 1924 मध्यें निधन पावेपर्यंत त्या कामांत राहिल्या. तेथें शिकावयास येणाऱ्यांत दुर्गेसारख्या विधवाही होत्या.