देवमण पाहा, आयाळीचा केसही पाहा

घोडी बाहेर बांधून आत आलेल्या माझ्या घोडेवाल्या बांधवांनो,

घोड्यांवरची ही परिषद पुण्या-मुंबईला का नाही, बाल दिगंबर गणेशाच्या या कडाव गावातच का, असं काहींनी विचारलं. अहो, माथेरान आमच्याच कर्जत तालुक्यात! पाहुण्यांच्या मोटारी दस्तुरीला थांबतात, तिथून पुढे घोडा. मग घोड्याचं बोलणं इथं नाही करायचं, तर कुठं?

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आपण देवमण, भोवरे, पंचकल्याण अशा अंगावरच्या खुणा बघण्यात तासभर घालवतो. मीही घालवतो. पण रक्तातली खोट भोवऱ्यात दिसत नाही.

अरबी घोड्यांत लहान मेंदूचा एक आनुवंशिक आजार आहे. शिंगरू जन्मतं ठणठणीत. मग बहुधा दीड ते चार महिन्यांच्या दरम्यान दाण्याकडे तोंड नेताना त्याचं डोकं थरथरू लागतं. पाय नको तितके उंच पडतात, दचकलं की ते कोसळतं. तोल राखणाऱ्या पेशीच मरत जातात, त्यावर औषध नाही. दुसऱ्या एका आजारात रुपेरी-जांभळट झाक असलेलं शिंगरू जन्मल्यापासून उभंच राहू शकत नाही, मान मागे ताठते. आपण ‘नजर लागली’ म्हणतो आणि घोडी विकून मोकळे होतो!

दोष एकट्या घोडीचा नसतो. घोडा आणि घोडी दोघंही एकाच आजाराचे वाहक असतील, तर दर खेपेला चारात एक शिंगरू आजारी निघण्याचा धोका. वाहक जनावर स्वतः धडधाकट असतं, जन्मभर काम करतं. त्याला मोडीत काढू नका. जोडीदार जनुकीय चाचणीत निर्दोष निघाला, तर त्या आजाराचं शिंगरू होत नाही. वाहक असल्याचं लपवून घोडा लावायला देणाऱ्याला मात्र मी माफ करणार नाही.

आपल्या भीमथडी घोड्यांत अरबी रक्त आहे, हे आपण मिशीला पीळ देत सांगतो. मग तपासणीलाही पुढे या. मात्र झोकांडणारं प्रत्येक शिंगरू आनुवंशिक आजाराचं नसतं. सर्रा असेल, धनुर्वात असेल, रेबीजही असेल. डॉक्टर येईपर्यंत त्याच्या तोंडात हात घालू नका.

चहानंतर या चाचणीसाठी नमुने घेऊ. आयाळीचे वीस-तीस केस मुळासकट उपटायचे. कात्री खिशातच ठेवा, चाचणी मुळावरच होते. पाकिटावर जनावराचं नाव लिहा, आणि बापाचं नाव खरं लिहा.