वर्ग चालू, दुरुस्तीही चालू

मुंबई विद्यापीठाच्या पणजीतील पदव्युत्तर केंद्राचा वारसा घेऊन गोवा विद्यापीठ १९८५ साली स्थापन झाले आणि पुढे ताळगावच्या पठारावर स्थिरावले. तेथील जुन्या वास्तूंनी आता प्रौढ वयात प्रवेश केला आहे. ज्या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि खारा वारा अष्टौप्रहर वाहतो, तेथे क्षार काँक्रीटमधून सळ्यांपर्यंत पोचले की लोखंड गंजते, गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि वरचे आवरण फुटून गळू लागते. अशा ठिकाणी नुसता गिलावा करून रंग देणे म्हणजे दुरुस्तीसाठी मंजूर झालेली रक्कम पावसाच्या स्वाधीन करणे होय.

या दुरुस्तीसाठी विज्ञानाची इमारत रिकामी करून तिला वर्षभर टाळे ठोकावे, ही सूचना मक्तेदाराच्या सोयीची खरी. परंतु पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी आणि तेथून पठार अशा बसगाड्या बदलत येणाऱ्या, किंवा डिचोलीच्या खाणपट्ट्यातून पहाटे निघणाऱ्या विद्यार्थ्याला ‘आज प्रात्यक्षिक नाही’ एवढे फलकावर वाचून परतावे लागले, तर त्याच्या बुडालेल्या दिवसाची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही.

तेव्हा काम टप्प्याटप्प्यानेच करावे. आधी छप्पर व पन्हळी, तेही पावसाळा सरल्यावर. त्याहून नाजूक प्रकरण नळांचे. वरच्या मजल्यावर ऊर्ध्वपातन चालू असता खाली कोणी न विचारता पाणी तोडले, तर शीतनळी कोरडी पडते आणि ज्वालाग्राही द्रवाची वाफ खोलीभर पसरते. छिन्नीचे घाव बसत असता रासायनिक तराजूचा काटा ठरत नाही, ही त्यामानाने किरकोळ अडचण. ठोकाठोकीच्या वेळा बांधून दिल्या की ती मिटते. भूशास्त्राचे नमुने हलवताना मात्र हमालांवर विसंबू नये. डिचोलीच्या लोहखनिजाची चिठ्ठी एकदा सुटली, की कोणत्या खाणीचा, किती खोलीवरचा, हे सांगणारे कोणी उरत नाही.

कोणता नळ कोठे जातो हे नकाशापेक्षा जुन्या प्रयोगशाळा-परिचरास अधिक ठाऊक असते. पाणी, वीज वा गॅस तोडण्यापूर्वी त्याची सही घेण्याची अट करारनाम्यात घालावी, आणि ती सही नसल्यास मक्तेदाराचे त्या दिवसाचे बिल रोखण्याचा अधिकार विभागप्रमुखांस असावा.