पाण्याखालचा खेळ आणि आपल्या मुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलींच्या खेळाविषयी चार शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली. फुगडी, लंगडी, खो-खो हे तर आपल्या घरचेच. मी आज एक निराळाच खेळ सांगणार आहे. त्याचे नाव पाण्याखालचे रग्बी. भाच्याने मोबाईलवर त्याची चित्रे दाखविली, तेव्हापासून तो माझ्या मनात घर करून बसला आहे.

हा खेळ जर्मनीत 1961 च्या सुमारास निघाला. कोलोन शहरातील पाणबुड्यांच्या क्लबातले लुडविग फॉन बेर्सुडा यांनी चेंडूत हवा न भरता मिठाचे पाणी भरले. असा चेंडू साध्या पाण्यात बुडतो. याचे नवल वाटायला नको. पेरणीपूर्वी आपण धानाचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकतो, तेव्हा पोचट दाणे वर येतात व भरलेले खाली बसतात. मिठाचे पाणी साध्या पाण्याहून जड असते, त्याचाच हा उपयोग.

हौद साडेतीन ते पाच मीटर खोल असतो. दोन्ही टोकांना तळाशी एकेक जड टोपले ठेवतात. त्यात चेंडू घातला की गोल. प्रत्येक बाजूचे 6 गडी पाण्यात खेळतात. डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी, पायांत माशासारखे पर. हवेची टाकी कोणाजवळ नसते. ती फक्त पाण्याखालच्या पंचांजवळ. खेळाडूने आपल्या छातीतल्या श्वासावरच खेळायचे. 15-15 मिनिटांचे दोन डाव होतात. 1980 साली जर्मनीतच पहिली जागतिक स्पर्धा झाली. स्त्रियांचेही संघ आहेत व त्यांच्याही जागतिक स्पर्धा होतात.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की, एका जागेला दोन गडी असतात. एक खाली टोपले राखतो, तेवढ्यात दुसरा वर येऊन दम घेतो. उखळात दोघी जणी आळीपाळीने मुसळ घालतात ना, तसेच. एकीची वेळ चुकली तर दुसरीचा हात सापडतो. म्हणून येथे एकटीच्या बळाला किंमत नाही. जोडीदारणीवर नजर हवी.

असे क्लब लहानच असतात. त्यांची शिकवण पायरीपायरीने चालते. आधी पोहणे पक्के. मग मुखवटा व नळी. मग नाक चिमटीत धरून हळूच फुंकर देत कानांतला दाब सोडणे, आणि सर्दी असेल त्या दिवशी बुडी नाही. चेंडू त्यानंतर. एक नियम मात्र सर्वांवर: एकटीने बुडी मारायची नाही, आणि बुडीपूर्वी भराभर श्वास घ्यायचे नाहीत. तसे केल्याने श्वासाची निकड उशिरा कळते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो.

आता कोणी म्हणेल, प्रतापगडात हे कशाला? भगिनींनो, आपला मुलूखच तळ्यांचा. कोहळी लोकांनी बांधलेले तलाव, नवेगावचा बांध, गोठणगावजवळचे इटियाडोहाचे धरण, गावोगावच्या बोड्या, हे सारे आपल्या अवतीभवती. रोवणीत आपण दिवसभर चिखलपाण्यात उभ्या असतो. पण आपल्यापैकी पोहता येते कितीजणींना? मुलगे म्हशींबरोबर तळ्यात शिकतात. मुलीला आपण काठावरून हाक मारून घरी आणतो. पाण्यात पडण्याचा प्रसंग मात्र मुलगा-मुलगी पाहत नाही. आणि बुडणाऱ्या मुलीला लोक काय म्हणतील, याचा काय उपयोग?

बंगालच्या आरती साहा 1959 साली इंग्लिश खाडी पोहून गेल्या. असे करणाऱ्या आशियातल्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनाही कधीतरी कोणीतरी प्रथम पाण्यात उतरविलेच असेल.

आपल्या तळ्यात रग्बी खेळा असे मी म्हणत नाही. तळ गाळाचा, वेलींचा, पाणी गढूळ. खाली काही दिसणार नाही. त्या खेळाला स्वच्छ हौदच हवा. पण त्याची पहिली पायरी आपली आहे. उन्हाळ्यात, पाणी उथळ असताना, आठ मुली घ्याव्या. पक्का घाट निवडून कमरेएवढ्या पाण्याबाहेर जाऊ देऊ नये. अंगावर सलवार-कुडता घट्ट बांधलेला असावा. शिकविण्यास आपल्या धिवर बहिणींना मानाने बोलवावे. पाण्याची विद्या त्यांच्या घरी पिढ्यांची आहे. मुलींच्या जोड्या लावाव्या, काठावर दोर व हवा भरलेली ट्यूब ठेवावी, आणि दोन बाया नुसत्या पाहण्याच्याच कामावर बसवाव्या. त्यांनी तिथे भाजी निवडायची नाही!

कोणी बुडू लागले तर मागे उडी टाकू नये. दोर किंवा ट्यूब फेकावी. बाहेर काढल्यावर उलटे धरून फिरवू नये. सपाट जागी उताणे निजवावे, श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबत राहावे आणि 108 वर फोन करावा. हे तर पोहता न येणाऱ्या बाईनेही शिकून घ्यावे.

मंडळाने शिवणाचे वर्ग घेतले, हळदीकुंकू केले, ते चांगलेच झाले. त्यांच्या जोडीला हा एक उन्हाळा मुलींसाठी द्यावा, एवढीच माझी विनंती. ज्यांना आपली मुलगी पाठवायची असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. माझ्या मुलीचे नाव मी सकाळीच दिले आहे.