उपक्रमाचे वास्तव वेळापत्रक
(शिक्षक संमेलनातील भाषण)



कोणत्याही उपक्रमाच्या आरंभी उत्साह असतो, आणि उत्साहाच्या भरात ठरविलेली तारीख बहुधा चुकते. याचे कारण आळस हेच असते असे नाही. वेळापत्रक आखणारा मनुष्य स्वतःच्या हातचे काम मोजतो. परंतु दुसऱ्याच्या हाती असलेले काम आणि ज्यावर कोणाचीच सत्ता चालत नाही असा काळ, हे दोन्ही मोजावयाचे राहून जातात.

या दृष्टीने मुंबईतील मोनोरेलचे उदाहरण बोधप्रद आहे. उंच खांबांवर टाकलेल्या एकाच तुळईवरून धावणारी ही गाडी. तिचे आगार वडाळ्यास असून, तेथून एका अंगास चेंबूर व दुसऱ्या अंगास सात रस्त्याचा संत गाडगे महाराज चौक, असा सुमारे २० किलोमीटरचा व १७ स्थानकांचा मार्ग आखण्यात आला. २००९ साली काम सुरू झाले. पहिला टप्पा २०१० च्या अखेरीस व दुसरा २०११ मध्ये पुरा व्हावयाचा होता. जानेवारी २०१० मध्ये सुमारे शंभर मीटर अंतरावर गाडी चालवूनही पाहण्यात आली. पाहणारास वाटावे, आता काय उरले? प्रत्यक्षात वडाळा ते चेंबूर हा टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये आणि वडाळ्यापासून संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा टप्पा मार्च २०१९ मध्ये प्रवाशांस खुला झाला.

खांब किती दिवसांत उभा राहतो, याचा हिशेब अभियंत्यास मांडता येतो. परंतु दाट वस्तीतून जागा मोकळी होणे आणि लोहमार्ग ओलांडण्याची अनुमती मिळणे, या गोष्टी त्याच्या हातच्या नव्हेत. त्यानंतरही चाचण्या व सुरक्षिततेचा दाखला यांस आपला वेळ लागतोच.

आता शाळेची परसबाग घ्या. जूनमध्ये खड्डा भरून त्याच्या खतावर वांगी लावावयाची व दिवाळीच्या सुटीपूर्वी ती मुलांच्या पोषण आहारात द्यावयाची, असे एखाद्या शिक्षकाने ठरविले. खत कुजण्यास निदान तीन महिने लागतात, म्हणजे सप्टेंबर उजाडला. रोपे दरम्यान तयार होतील. तरी लावणीनंतर फळ धरण्यास सुमारे दोन महिने हवेत. बेत कागदावरच फसला! शिवाय पेरणीच्या दिवसांत पालक कुंपण घालण्यास येणार नाहीत. उलट, एखाद्या शेतकऱ्याकडून जुने कुजलेले खत आणून जुलैच्या आरंभी भेंडी टोचली, तर ऑगस्टच्या अखेरीस पहिली तोडणी होऊ शकते. कुंपण मात्र मे महिन्यातच मागून घेतले पाहिजे.

म्हणून वेळापत्रक शेवटाकडून आरंभाकडे आखावे. शेवटची तारीख प्रथम लिहावी व प्रत्येक पायरीपूर्वी काय झालेले असले पाहिजे, हे विचारीत मागे यावे. कामांचे तीन रकाने करावेत: शाळेच्या हातचे, इतरांच्या हातचे आणि निसर्गाच्या हातचे. ग्रामपंचायतीची परवानगी वा व्यवस्थापन समितीचा ठराव दुसऱ्या रकान्यात येतो. त्याची विनंती सर्वांआधी करावी. सण, परीक्षा व सुट्या वजा केल्यावर उरतील तेवढेच दिवस खरे. त्यांतीलही काही दिवस मोकळे राखावेत. दर शनिवारी आढावा घ्यावा, आणि काम मागे पडल्यास तारीख गुपचूप पुढे न ढकलता वाफ्यांची संख्या कमी करावी व मुलांस तसे स्पष्ट सांगावे.

मोनोरेलचा दुसरा टप्पा सुमारे आठ वर्षे उशिरा आला, तरी प्रवासी त्यात बसले. सातवीतले मूल मात्र पुढील वर्षी त्या वर्गात नसते. वाफा त्याने खणावा आणि भाजी दुसऱ्याने तोडावी, असे वारंवार घडले की शाळेत आरंभिलेले काम तडीस जाते यावरील त्याचा विश्वास उडतो. चार वाफे ठरवून चारही फुलविणारी शाळा ही बारा ठरवून पाच सोडून देणाऱ्या शाळेपेक्षा मुलांस अधिक शिकविते.