पेन्शनीनंतरचा ठेका

नागपूरच्या सक्करदरा चौकातून निघालेला रस्ता पुढे उमरेडच्या कोळसा खाणींकडे जातो. खाणींच्या धंद्यात माजी सैनिकांना रीतसर वाट आहे. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय, म्हणजे फौजींच्या तोंडी 'डीजीआर', कोल इंडियाच्या खाणींवर कोळसा भरायला आणि वाहायला माजी सैनिकांच्या कंपन्या सुचवतं. सुरक्षा एजन्सींचीही यादी असते. तिथं शंभरातले नव्वद रक्षक माजी सैनिकच लागतात.

हे झालं पहाऱ्याचं आणि ट्रकचं. पण फौजेत वीस वर्षं इंजिनं, जनरेटर दुरुस्त केलेल्या हवालदारानं इथं वर्कशॉप टाकलं तर? केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात आता 25 टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची आहे. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी, 3 टक्के महिलांसाठी. फौजीचा वेगळा वाटा नाही! त्याच्या हातातल्या कसबाची किंमत सरकारला कळलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

याउलट अमेरिकेत सेवेत अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या लघुउद्योगांना केंद्रीय ठेक्यांत 3 टक्क्यांचं उद्दिष्ट होतं, 2024 मध्ये ते 5 टक्के झालं. अशा उद्योगाला प्रमाणपत्र देताना निदान 51 टक्के मालकी सैनिकाची आहे का ते बघतात. आणि कारभार खरंच तोच हाकतो का, हेही. ही दुसरी अट मला मोलाची वाटते. कारण पाटीवर सुभेदार साहेबांचं नाव आणि गल्ल्यावर भलताच ठेकेदार, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

आता कागदांचं. फौज सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात नुसतं नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर आडनाव आधी, पॅनवर स्पेलिंग तिसरंच. संगणक अडतो तो इथेच. आधी रेकॉर्ड ऑफिसला लिहून नाव दुरुस्त करून घ्या. माजी सैनिकाचं ओळखपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून काढा. मग लघुउद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी करा आणि सरकारच्या 'जेम' या खरेदी पोर्टलवर या. लघुउद्योगांना निविदेची बयाणा रक्कम सहसा माफ असते, हे विचारून घ्या.

'उद्यम' नोंदणीला एक पैसाही लागत नाही, तेव्हा दलालाला हजार-दोन हजार मोजू नका. आणि काही झालं तरी, दुसऱ्याच्या धंद्यासाठी आपलं डिस्चार्ज बुक उसनं देऊ नका.